इंजिनच्या तेलावर साय दिसली तर



मागच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाला आणि एका ताईंनी पिशवीतून काचेची बाटली काढली. आत दूध जास्त झालेल्या चहासारखं काहीतरी होतं. म्हणाल्या, "हे आमच्या मोटरसायकलचं इंजिन ऑइल. मिस्त्री म्हणतो, पाणी गेलंय, सगळं इंजिन खोलावं लागेल. गटातून कर्ज मिळेल का?" कर्जाचं बघू म्हटलं, पण आधी हे पाणी आलं कुठून, ते विचारू. आज सायखेड्यातल्या आणि आसपासच्या सगळ्या बायांना मी तेच सांगणार आहे. पाणी कुठून आलं हे कळलं, की खर्च नुसत्या ऑइल बदलीचा आहे की इंजिन उघडण्याचा, याचा अंदाज येतो.

तेल वापरून काळं पडतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण ते दुधट, दाट, फेसाळ झालं तर त्यात पाणी मिसळलंय असं समजा. आपण रवीनं ताक घुसळतो, तसं इंजिनातली फिरती चाकं तेल आणि पाणी एकजीव करतात. अशा तेलाचा बुळबुळीतपणा जातो आणि लोखंडावर लोखंड घासायला लागतं. बहुतेक मोटरसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच यांना एकच तेल असतं, म्हणून नुकसान तिन्हीकडे होतं.

पहिला प्रश्न असा, की आपल्या गाडीला रेडिएटर आहे का? पुढच्या चाकाच्या मागे, इंजिनच्या समोर जाळीचा डबा दिसतो, तो रेडिएटर. स्प्लेंडर, प्लॅटिना, शाइन या गाड्या वाऱ्यावर थंड होतात. त्यांच्या इंजिनाला बाहेरून पत्र्यासारख्या पात्या असतात. त्यांत कूलंट भरतच नाहीत, तर ते तेलात येणार कुठून? पल्सर एनएस २००, केटीएम ड्यूक, यामाहा आर १५ अशा गाड्यांना मात्र रेडिएटर असतो.

रेडिएटर नसलेल्या गाडीत पाणी बाहेरून येतं. एक म्हणजे थंडीतली वाफ. निफाडची थंडी आपल्याला माहीत आहे, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा दर हिवाळ्यात बातमीत असतो. अशा पहाटे गाडी नुसती डेअरीपर्यंत नेली आणि बंद केली, तर इंजिन पुरतं तापत नाही. आतली वाफ झाकणाला थंड होते आणि तेलात मिसळून तिथे पिवळट साय धरते. अशा वेळी तेलाची पट्टी पुसून पुन्हा बुडवून बघा. साय फक्त झाकणाखाली असेल आणि पट्टीच्या टोकाचं तेल स्वच्छ असेल, तर घाबरू नका. झाकण पुसा आणि गाडी एकदा निफाडपर्यंत नेऊन आणा. इंजिन नीट तापलं की वाफ निघून जाते.

दुसरं म्हणजे जोराच्या फवाऱ्यानं धुतलेली गाडी. तिसरं म्हणजे पूर. ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीचं पाणी सायखेडा-चांदोरीत शिरलं, ते आपण विसरलेलो नाही. बुडालेली गाडी सुरू होते का हे बघायला किक मारू नका, बटणही दाबू नका. आत पाणी असेल तर इंजिन मोडतं. आधी प्लग काढून पाणी काढायचं, जुनं तेल सोडायचं, नवं भरायचं. थोडा वेळ चालवून तेही सोडायचं. तेल स्वच्छ दिसेपर्यंत असंच करायचं.

आता रेडिएटरवाली गाडी. कूलंटच्या प्लास्टिकच्या बाटलीवर दोन रेषा असतात. इंजिन थंड असताना पातळी त्या दोन्हींच्या मधे हवी. बाटली सारखी रिकामी होते, बाहेर कुठे ओलही दिसत नाही, आणि तेल दुधट झालंय, तर कूलंट तेलात जातंय असा संशय घ्या. त्याचे मुख्य रस्ते दोन. एक वॉटर पंपाचं सील, दुसरं हेड गॅस्केट. गाडी तापते, धुरांड्यातून गोडसर वासाचा पांढरा धूर सतत येतो, रेडिएटरमध्ये बुडबुडे थांबत नाहीत, अशी लक्षणं असतील तर गॅस्केटकडे बोट जातं. यातलं काही नसेल तर आधी पंप तपासायला सांगा. रेडिएटरचं झाकण गरम असताना कधीही उघडू नका. वाफ कोंडलेला कुकर आपण उघडतो का?

शंका असेल तर एक परीक्षा घरी होते. जुन्या पत्र्याचा तुकडा तापवा, विस्तवापासून लांब ठेवा आणि हात लांब ठेवून वरून तेलाचा एक थेंब सोडा. मोहरीसारखा तडतडला तर पाणी आहे. यासाठी स्वयंपाकाचा तवा घेऊ नका. पण एवढ्यानं पाणी आहे इतकंच कळतं. ते कूलंटचं की पावसाचं, हे बाटलीच्या पातळीवरूनच ओळखायचं.

आणि तेल खरंच दुधट असेल, तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका. टेम्पोत घाला किंवा मिस्त्रीला घरी बोलवा.

त्या ताईंच्या गाडीला रेडिएटर होता. मुलाला विचारलं तर म्हणाला, "बाटली रिकामी व्हायची, मी चार महिने पाणी घालत होतो." का रिकामी होते, हे कुणीच विचारलं नव्हतं. पंपाखाली एक बारीक भोक असतं. सील गेलं की तिथून थेंब पडतात आणि आपल्याला इशारा मिळतो. यांच्या गाडीचं भोक शेतातल्या चिखलानं बुजलं होतं, म्हणून पाणी आत गेलं. दुसऱ्या मिस्त्रीनं बाजूचं कव्हर काढून सील बदललं आणि दोनदा तेल बदललं. हेड खोलावं लागलं नाही. ताईंनी कर्ज घेतलं, पण मागितलं होतं त्यापेक्षा खूप कमी.

शेवटची गोष्ट पोराबाळांसाठी. कूलंट चवीला गोड असतं आणि विषारी असतं. सांडलं तर लगेच धुऊन टाका. शेळी, कुत्रं, लहान मूल तिथे जाऊ देऊ नका. काढलेलं तेल बांधावर किंवा नदीत ओतू नका, डब्यात भरून गॅरेजला द्या.

मैत्रिणींनो, गाडीचा हप्ता आपण भरतो, मग तिचं झाकण उघडून बघायला लाजायचं कशाला? आठवड्यातून एकदा, गाडी थंड असताना, तेलाची पट्टी आणि कूलंटची बाटली बघा. आणि कुणी "इंजिन खोलायचं" म्हणालं, तर शांतपणे विचारा, "पाणी आलं कुठून, ते आधी दाखवा."