अठ्ठावन्नाव्या वर्षी खोगिरावर



या व्याख्यानमालेत संतांवर बोलणारे येतात, अर्थकारणावर बोलणारे येतात, नाटकांवर तर येतातच येतात. घोड्यावर बोलायला कोणी आल्याचे ऐकिवात नाही. आणि ते साहजिकही आहे. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली इथल्या माणसाचा घोड्याशी संबंध तो किती? माथेरानला दस्तुरी नाक्यावर घासाघीस करून बसलो तेवढा, किंवा लहानपणी जुहूच्या वाळूत मारलेला एखादा फेरा. वरातीतला घोडा मी जमेस धरीत नाही. त्याच्यावर बसलेल्याचे लक्ष घोड्याकडे नसते.

तरीही मी हा विषय घेतला, त्याला कारण एक आकडा आहे. तो आकडा अठ्ठावन्न. आपल्या राज्य सरकारच्या बहुतेक नोकरांना याच वयात शाल आणि श्रीफळ देऊन घरी पाठवितात. समोर पाहतो तर सभागृहातल्या पहिल्या चार-सहा रांगांना या आकड्याचा अर्थ मी समजावून सांगण्याची गरज नाही. १९ ऑगस्ट २०१६ रोजी ब्राझिलमध्ये रिओ येथील ऑलिंपिकच्या मैदानावर निक स्केल्टन नावाच्या इंग्रज स्वाराने घोड्यावरून अडथळे ओलांडण्याच्या स्पर्धेत वैयक्तिक सुवर्णपदक जिंकले. त्या दिवशी त्याला अठ्ठावन्न वर्षे पुरी होऊन साडेसात महिने झाले होते. १९०८ नंतर इतक्या वयाच्या ब्रिटिश माणसाने ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळविले नव्हते.

हा खेळ म्हणजे आपल्या महालक्ष्मीच्या शर्यती नव्हेत. तिथे सारा मामला वेगाचा आणि पैजेचा. इकडे ज्याला शो जंपिंग म्हणतात त्यात एका आखलेल्या मैदानात दहा-बारा अडथळे मांडलेले असतात. रंगीत दांड्यांचे, भिंतीसारखे, मध्ये पाणी असलेले. ऑलिंपिकमध्ये त्यांची उंची सुमारे एक मीटर साठ सेंटिमीटरपर्यंत जाते, म्हणजे आपल्यातल्या पुष्कळांच्या डोळ्यांच्या पातळीपर्यंत. एक दांडा पडला की चार दोष. घोडा अडला तर दोष, वेळ जास्त लागला तर दोष. दोन किंवा अधिक स्वार निर्दोष राहिले की त्यांची घड्याळाशी झुंज लावतात.

यातली खरी गंमत पुढेच आहे. फेरी सुरू होण्यापूर्वी सगळे स्वार त्या मैदानात पायी चालतात. दोन अडथळ्यांमधले अंतर पावलांनी मोजतात. घोड्याची एक ढांग साधारण बारा फुटांची. म्हणजे या अंतरात पाच ढांगा बसतील की सहा, घोडा लांब टाकणारा असेल तर काय, वळण आतून घेतले तर काय, याचे गणित चालता चालता मांडतात. घोड्याला मात्र यातले काही दाखवायचे नसते. तो मैदानात येतो तेव्हा अडथळे त्याला सर्वस्वी नवे असतात. त्यातून त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, त्यामुळे अगदी कपाळासमोरचा भाग त्याला दिसत नाही. उसळी घेण्याच्या क्षणी दांडा त्याच्या दृष्टीआड गेलेला असतो. सहाशे किलोचे जनावर न दिसणाऱ्या वस्तूवरून स्वतःला झोकून देते, ते पाठीवरच्या माणसाचे गणित बरोबर आहे एवढ्या एका भरवशावर.

आता या स्केल्टनविषयी. जन्म ३० डिसेंबर १९५७ चा, इंग्लंडातील वॉरिकशायर परगण्यातला. वडील औषधांच्या दुकानाचे. घरात ना सरदारकी ना जहागिरी. पण एक ठेंगणे तट्टू होते, ऑक्सो नावाचे, आणि दीड वर्षाच्या पोराला त्याच्यावर बसवीत. शाळेत त्याचे मन रमले नाही. कोवळ्या वयातच तो टेड आणि लिझ एडगर या नामांकित दांपत्याच्या पागेत कामाला राहिला. शेण काढणे, खरारा करणे, गवत टाकणे, दुसऱ्याने बिघडवलेले घोडे वळणावर आणणे, ही त्याची विद्यापीठातली वर्षे. १९७५ साली तो युरोपचा कुमार विजेता झाला.

डिसेंबर १९७८ मध्ये लंडनच्या ऑलिंपिया सभागृहात त्याने लास्टिक नावाच्या घोड्यावरून उंच उडीचा ब्रिटिश विक्रम केला. उंची ७ फूट ७ इंचांहून थोडी अधिक. पहिल्या खेपेस घोडा आणि स्वार दोघेही त्या भिंतीत घुसले होते. तिसऱ्या खेपेस ते पार झाले. त्याला एकविसावे वर्षदेखील पुरे नव्हते. (जगाचा विक्रम चिली देशातल्या कॅप्टन लारागिबेल याचा, १९४९ सालचा, २ मीटर ४७ सेंटिमीटर, त्याच्या घोड्याचे नाव वासो.) असल्या उंच उड्यांचे मला स्वतःला फारसे कौतुक वाटत नाही. वीस वर्षांच्या अंगात भीती नसते. तिच्या अभावाला आपण धैर्य म्हणतो. मला कुतूहल आहे ते पुढच्या अडतीस वर्षांचे.

त्या वर्षांची जंत्री देत बसलो तर तुमची शेवटची लोकल चुकेल. १९८० साली मॉस्कोवर बहिष्कार पडला आणि त्याची पहिली ऑलिंपिकची संधी गेली. १९८७, १९८८ आणि १९८९ अशी लागोपाठ तीन वर्षे त्याने हिकस्टेडची डर्बी जिंकली. १९९५ साली डॉलर गर्ल या घोडीवर विश्वचषक मिळवला. एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. यांतले घोडे वेगवेगळे आहेत. लास्टिक वेगळा, अपोलो वेगळा, डॉलर गर्ल वेगळी. वरच्या दर्जाच्या घोड्याची उमेद फार तर दहा-बारा वर्षांची. त्यातून घोडा बहुधा स्वाराच्या मालकीचा नसतो. मालकाच्या मनात आले की तो विकला जातो. म्हणजे गवयाने तंबोरा जुळवावा, आवाजाशी एकजीव करावा आणि दर काही वर्षांनी तो कोणी उचलून न्यावा. मग पुन्हा नवे जनावर, नवा स्वभाव, नवे भय. आपण म्हणतो अनुभव वाढत जातो. या धंद्यात अनुभव वाढतो खरा, पण दर घोड्यागणिक श्रीगणेशा नव्याने गिरवावा लागतो. चाळीस वर्षे स्वारी करणारा माणूस चाळीस वर्षांत पुष्कळ वेळा उमेदवार झालेला असतो, आणि थकतात ती माणसे बहुधा याच ठिकाणी.

सप्टेंबर २००० मध्ये एका स्पर्धेत घोडी कोसळली आणि स्केल्टन डोक्यावर पडला. मान दोन ठिकाणी मोडली. तेव्हा तो बेचाळीस वर्षांचा. पुन्हा पडलास तर जगशील की नाही हे सांगता येत नाही, असे वैद्यांचे मत पडले. २००१ साली त्याने निवृत्ती जाहीर केली. आपल्याकडे अशा कथा सांगताना एक ठराविक सूर लागतो: वैद्यांना झुगारले, नियतीला आव्हान दिले, वगैरे. मला तो सूर पसंत नाही. मानेच्या मणक्याला आव्हान देणे हा पुरुषार्थ नव्हे, अविचार आहे. स्केल्टनने तसे केलेही नाही. तो थांबला. खोगिराला हात लावला नाही. पुढे एका जर्मन डॉक्टरने तपासून हाड पक्के जुळल्याचे सांगितले, तेव्हा २००२ साली तो परत घोड्यावर बसला. परत येण्याचे श्रेय सगळे देतात. मधल्या त्या थांबण्याचे श्रेय कोणी देत नाही, म्हणून मी ते इथे देतो.

परत आला तो अर्को नावाच्या घोड्यासाठी. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये पदकाची आशा होती. ऐन वेळी दांडे पडले. २००८ ला बीजिंग, हात रिकामेच. मग २०१२ साली लंडनमध्ये बिग स्टार या डच पैदाशीच्या घोड्यावर तो उतरला आणि ब्रिटनच्या चमूने सुवर्णपदक मिळवले. या खेळात १९५२ नंतर, म्हणजे साठ वर्षांनी. वैयक्तिक स्पर्धेत मात्र शेवटच्या फेरीत एक दांडा पडला. एकच. त्या वेळी तो चौपन्न वर्षांचा होता, कंबरेचा सांधा कृत्रिम बसवलेला होता. इथे थांबला असता तरी कोणी नाव ठेवले नसते.

पुढची चार वर्षे मला या चरित्रातली सर्वांत मोलाची वाटतात, आणि त्यांत घडले काय म्हणाल तर जवळजवळ काहीच नाही. २०१३ साली बिग स्टार दुखावला. बरा झाला, पुन्हा दुखावला. अशा वेळी घोड्याला घाई केली तर तो कायमचा जातो. पन्नाशी उलटून गेलेल्या स्वाराला वेळ कमी आणि घोड्याला विश्रांती हवी. दोघांची घड्याळे उलट दिशांना चाललेली. स्केल्टनने घोड्याचे घड्याळ मानले. घोड्याला चालवायचे, रोज थोडे थोडे, आणि पाहायचे. मालक विडोसन पतिपत्नी. त्यांनीही घोडा विकला नाही. त्याची देखभाल करणारा मोतद्दार मार्क बीव्हर. हा गृहस्थ तीस वर्षांहून अधिक काळ स्केल्टनच्या घोड्यांपाशी राहिला. पहाटे पाय चाचपून सूज आहे की नाही हे सांगणारा हात त्याचा. पदक देताना त्याच्यासाठी चौथरा नसतो. आपल्या जुन्या बखरींत लढाईचे वर्णन पानोपान असते, पण घोड्याला चंदी कोणी चारली हे क्वचितच सापडते, त्यातलाच हा प्रकार.

रिओला सहा स्वार निर्दोष राहिले. घड्याळाशी झुंज लागली आणि पहिला क्रमांक स्केल्टनचा आला. पहिल्याने जाणे गैरसोयीचे समजतात, कारण किती वेगाने जावे हे माहीत नसते. मागून येणाऱ्याला ते माहीत असते. स्केल्टनने याचा उलटा हिशेब केला. वळणे आतून घेतली, जिथे दुसरा एक ढांग जास्त टाकील तिथे ती वाचवली, आणि निर्दोष फेरी ४२.८२ सेकंदांत पुरी केली. आता मागच्यांना धोका पत्करल्याशिवाय गत्यंतर नव्हते. कॅनडाचा एरिक लमाझ त्याहून वेगाने आला, पण एक दांडा पडला. स्वीडनचा फ्रेड्रिकसन निर्दोष आला, वेळ ४३.३५. अर्ध्या सेकंदाहून किंचित जास्त, म्हणजे एखाद्या ढांगेचा फरक. त्या एका ढांगेत तरुणपणाचे बळ नव्हते. तीत अंतराचा अंदाज होता, आणि तेरा वर्षांच्या घोड्याला त्याच्यावर असलेला भरवसा होता.

कोणी म्हणेल, हा एक अपवाद. तसे नाही. कॅनडाचा इयान मिलर १९७२ पासून २०१२ पर्यंत दहा ऑलिंपिकमध्ये उतरला. त्याला एकुलते एक पदक, सांघिक रौप्य, मिळाले ते नवव्या खेपेस, २००८ साली, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी. जपानचा हिरोशी होकेत्सू १९६४ साली टोकियोत अडथळ्यांच्या स्पर्धेत उतरला, मग औषधांच्या कंपन्यांत रीतसर नोकरी केली, आणि निवृत्तीनंतर घोड्याच्या चालीच्या स्पर्धेत, ज्याला ड्रेसाज म्हणतात, बीजिंगला आणि लंडनला गेला. लंडनला त्याचे वय एकाहत्तर. आणि भगिनींनी विशेष लक्ष द्यावे: या खेळात स्त्रियांसाठी वेगळी स्पर्धा नाही, सगळे एकाच मैदानात. स्केल्टनची सहचारिणी लॉरा क्राउट ही अमेरिकेची स्वार. २०२४ साली पॅरिसला तिने सांघिक रौप्यपदक मिळविले. वय पुन्हा अठ्ठावन्नच!

एक आक्षेप मला ऐकू येतो आहे. हा श्रीमंतांचा खेळ. आम्ही भाड्याच्या खोलीत वाढलेली माणसे, आमचा याच्याशी काय संबंध? आक्षेप खरा आहे. घोडा पोसणे सोपे नाही, आणि आपल्या देशात तर रोगराईच्या निर्बंधांमुळे घोडे स्पर्धेसाठी युरोपात नेणे-आणणे फार कठीण पडते; म्हणून आपल्या स्वारांना तिकडेच राहून तयारी करावी लागते. तरी मुंबई या बाबतीत अगदीच कोरी नाही. महालक्ष्मीच्या मैदानावर १९४२ साली अ‍ॅमॅच्युअर रायडर्स क्लब निघाला. मुंबईचा इम्तियाज अनीस २००० साली सिडनी ऑलिंपिकला उतरला. २०२३ साली हांगचौच्या आशियाई खेळांत भारताने ड्रेसाजचे सांघिक सुवर्णपदक जिंकले, त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडा होता. त्याआधी घोडेस्वारीतले आपले सुवर्ण १९८२ च्या दिल्लीतले. मध्ये एक्केचाळीस वर्षे गेली.

स्केल्टनने एप्रिल २०१७ मध्ये निवृत्ती जाहीर केली, या वेळी कोणत्याही वैद्याने न सांगता. मे महिन्यात विंडसरच्या प्रदर्शनात तो आणि बिग स्टार यांनी एकत्रच निरोप घेतला. त्याचे दोन मुलगे याच वाटेवर आहेत. डॅन शर्यतीच्या घोड्यांचा शिक्षक झाला. हॅरी त्या घोड्यांवर बसतो, आणि २०२१ साली तो ब्रिटनमधल्या अडथळ्यांच्या शर्यतींचा अव्वल स्वार ठरला.

तुमच्यापैकी कोणाला अशी स्पर्धा पाहण्याचा योग आला तर माझी एक सूचना आहे. वेळेवर जाऊ नका, अर्धा तास आधी जा. तेव्हा घोडे मैदानात नसतात. तरणे आणि पिकल्या केसांचे स्वार उंच बूट घालून पायी फिरत असतात, खाली मान घालून, ओठांतल्या ओठांत आकडे मोजीत. त्यांतल्या सर्वांत वयस्क स्वाराच्या मागे नजर ठेवा आणि तो कोणत्या वळणावर थांबून पुन्हा मोजतो ते पाहून ठेवा. फेरी सुरू झाली की दांडे बहुधा तिथेच पडतात.