धर्मभगिनी आणि शांतीचा धागा

(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगी केलेले भाषण)



महोत्सव म्हटला म्हणजे हिशेबाची वेळ. मंदिराची पायाभरणी केव्हा झाली, घंटा कोणी अर्पण केली, शाळेतून किती मुले शिकून बाहेर पडली, याची नोंद महोत्सवाच्या स्मरणिकेत यथास्थित होईलच, आणि ती वाचून आम्हां सर्वांस योग्य तो आनंद वाटेल. परंतु धर्मग्रामाच्या वहीत आणखी एक रकाना असतो व तो बहुधा कोरा राहतो. ज्यांचा धर्म आपल्याहून निराळा आहे अशा शेजाऱ्यांशी आपले नाते कसे राहिले, हा तो रकाना होय. तो भरण्याचे काम ज्यांनी गाजावाजा न करता केले, त्या व्रतस्थ भगिनींविषयी चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

भगिनींस धार्मिक पुढारी म्हणावे काय, अशी शंका कोणी काढील. वेदीवरील यज्ञ त्या अर्पण करीत नाहीत, प्रवचनपीठावरून त्यांचा शब्द क्वचितच ऐकू येतो. तथापि ज्याच्या मागून इतरांची पावले वळतात तो पुढारी, असा अर्थ घेतला तर शंका उरत नाही. परधर्मीयाच्या घराचा उंबरठा आपल्यापैकी प्रथम कोण ओलांडते? बाळंतिणीच्या खाटेशी, तापाने फणफणलेल्या मुलाच्या उशाशी, विधवेच्या विझलेल्या चुलीशी जाऊन कोण बसते? तेथे सभा भरत नाही, ठराव होत नाहीत. परंतु दोन समाजांमधील संशयाची भिंत पहिल्याने तेथेच खचते.

कलकत्त्याचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. १९४६ च्या ऑगस्टमध्ये त्या नगरात हिंदु-मुसलमानांच्या दंग्यांत हजारो माणसे प्राणांस मुकली. त्यानंतर सहा वर्षांनी, १९५२ साली, मदर तेरेसा यांनी कालीमातेच्या देवळालगत, यात्रेकरूंसाठी बांधलेल्या जागेत, मरणोन्मुख निराश्रितांसाठी ‘निर्मल हृदय’ हे घर उघडले. नगरपालिकेने जागा दिली खरी, पण आसपासच्या लोकांनी आरंभी विरोध केला. हे लोक मरणाऱ्यांना बाटवतील, अशी त्यांना भीती वाटत होती. त्या भीतीस भगिनींनी वादाने उत्तर दिले नाही. मरणाऱ्या हिंदूच्या मुखी गंगाजल घालावे, मुसलमानास कुराणाचे शब्द ऐकवावे, ख्रिस्ती माणसास अंत्यसंस्कार द्यावा, असा त्या घराचा नेम ठरला. प्रत्येकाने आपापल्या श्रद्धेच्या सावलीत डोळे मिटावे, एवढीच त्यांची इच्छा होती. हळूहळू विरोध मावळला.

याच मदर तेरेसा १९८२ च्या ऑगस्टमध्ये लेबनॉन देशातील बैरूत नगरात गेल्या. इस्रायलच्या सैन्याचा वेढा पडलेला, पश्चिमेकडील बहुतांशी मुसलमान वस्तीवर तोफांचा मारा चाललेला, आणि तेथील एका रुग्णालयात शरीराने व बुद्धीने दुबळी मुले अडकून पडलेली. लढाई थोडी थांबताच त्या रेडक्रॉसच्या माणसांसह मधली सीमा ओलांडून गेल्या व ३७ मुलांना पूर्वेकडील ख्रिस्ती वस्तीतील आपल्या भगिनींच्या घरी घेऊन आल्या. ती मुले कोणत्या धर्माची, हा प्रश्न त्या दिवशी त्यांनी विचारला नाही.

आता आपल्या अधिक जवळचा एक वृत्तांत आम्ही सांगू इच्छितो. इंदूर आणि देवास ही नावे मराठी माणसाच्या कानांस परकी नाहीत. होळकर व पवार यांची ती संस्थाने. त्या देवास जिल्ह्यातील उदयनगर येथे १९९२ साली भगिनी राणी मारिया सेवेस आल्या. १९५४ साली केरळातील पुल्लुवळी गावी त्यांचा जन्म झाला. त्या फ्रान्सिस्कन क्लारिस्ट संघाच्या. ज्या असिसीकर संत फ्रान्सिसनी १२१९ साली, क्रूसयुद्धाच्या ऐन धामधुमीत, निःशस्त्र जाऊन मिसरच्या सुलतानाची भेट घेतली, त्यांच्या व संत क्लारा यांच्या मार्गाने चालणारा हा संघ आहे.

उदयनगरच्या आसपास आदिवासी व भूमिहीन मजुरांची वस्ती. सावकाराचे कर्ज एकदा घेतले की ते नातवापर्यंत फिटू नये, अशी तेथील स्थिती. राणी मारिया यांनी त्या लोकांस लिहावयास शिकविले, बँकेतून कर्ज कसे काढावे ते दाखविले, सरकारने गरिबांसाठी केलेल्या योजनांवर त्यांचा हक्क आहे हे पटवून दिले. यामुळे ज्यांच्या मिळकतीस धक्का बसला, त्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी त्या उदयनगराहून इंदुरास बसने जात असता, सहप्रवाशांच्या देखत, एका भाडोत्री तरुणाने सुरीने वार करून त्यांचा वध केला. देहावर ५४ जखमा मोजल्या गेल्या. वय अवघे ४१ वर्षांचे होते.

बंधुभगिनीहो, शांतीची खरी परीक्षा येथे सुरू होते. अशा प्रसंगी दोन वाटा सहज सापडतात. एका वाटेने सूड येतो आणि एका माणसाचा अपराध त्याच्या सबंध समाजाच्या माथी मारतो. दुसरी वाट भयाची. त्या वाटेने जाणारे दारे लावून घेतात. भगिनींनी या दोन्ही वाटा टाकल्या. उदयनगरातील सेवा त्यांनी बंद केली नाही. आणि राणी मारिया यांच्या धाकट्या भगिनी सेल्मी पॉल, ज्या त्याच संघात व्रतस्थ होत्या, त्या २००२ साली रक्षाबंधनाच्या सुमारास तुरुंगात गेल्या आणि ज्या हाताने आपल्या बहिणीचा प्राण घेतला त्याच हातावर त्यांनी राखी बांधली.

या कृतीचा अर्थ आपण नीट ध्यानी घ्यावा. राखी हा आपल्या हिंदु शेजाऱ्यांचा संस्कार. बहीण भावाच्या मनगटावर धागा बांधते आणि त्याच्याकडे रक्षणाचा भार सोपविते. सेल्मी यांस क्षमेविषयी पुष्कळ बोलता आले असते; शुभवर्तमानाची वचने त्यांना पाठ असणारच. परंतु तो तरुण ज्या घरात वाढला, त्या घराची भाषा त्यांनी निवडली. तो धागा काय म्हणतो, हे त्यास कोणी समजावून सांगावे लागले नाही. कालीघाटावरील गंगाजल आणि तुरुंगातील राखी, या दोहोंत आम्हांस एकच तत्त्व दिसते. आपली श्रद्धा तसूभरही न सोडता शेजाऱ्याच्या हृदयाची भाषा शिकावी, आणि शांतीचा शब्द त्या भाषेत उच्चारावा. भगिनींच्या पुढारीपणाचे मर्म हेच होय.

कोणी म्हणेल, मग न्यायाचे काय झाले? त्याचे उत्तर असे की न्यायास कोणी अडथळा केला नाही. अपराध्यास जन्मठेप झाली व सुमारे अकरा वर्षे त्याने तुरुंगात काढली. पुढे घरच्या मंडळींनी व भगिनींनी स्वतः सही करून त्याच्यासाठी दयेचा अर्ज केला आणि २००६ साली तो सुटला. सुटल्यावर तो केरळात त्या घरी गेला, व त्या घराने त्यास आत घेतले. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे राणी मारिया यांना ‘धन्य’ घोषित करण्यात आले, त्या सोहळ्यास तोही उपस्थित होता. कायद्याने शिक्षा दिली. पण पश्चात्ताप कायद्यास देता येत नाही. तो त्या धाग्याने दिला.

हेही विसरू नये की वध आणि राखी यांमध्ये सात वर्षे गेली. मधल्या काळात एक संन्यस्त धर्मगुरू तुरुंगात जाऊन त्या तरुणास भेटत राहिले. क्षमा ही क्षणात उमलणारी वस्तु नव्हे. ती शेतासारखी नांगरावी लागते, आणि पाऊस केव्हा यावा हे आपल्या हाती नसते. म्हणून ज्याच्या घरावर खरोखर आघात झाला आहे, त्यास ‘आजच्या आज क्षमा कर’ असे दरडावण्याचा अधिकार आम्हां कोणास नाही. त्याच्या शेजारी बसून वाट पाहण्याचा अधिकार मात्र आहे.

आता आपल्या धर्मग्रामाकडे वळू. भगिनींचे गुणगान आपण करतो, त्यांच्या तसबिरीस हार घालतो. परंतु गावात दोन समाजांत तेढ पडली आणि समेटाची बैठक बोलावली गेली, म्हणजे त्या बैठकीत बसते कोण? बहुधा आम्ही पुरुषच. ज्यांना प्रत्येक आळीतील दुखणे ठाऊक आहे, ज्यांचा शब्द हिंदु आणि मुसलमान माउल्या आपल्या मुलीच्या शब्दासारखा मानतात, त्या भगिनींस आपण चहाची व्यवस्था पाहावयास सांगतो. ही रीत आपण बदलली पाहिजे. समेटाच्या बैठकीत त्यांस मानाचे आसन असावे आणि निर्णयात त्यांच्या मतास वजन असावे.

दुसरे असे की हे काम सर्वस्वी भगिनींवर टाकून आपण मोकळे होऊ नये. शेजाऱ्याच्या घरी मयत झाल्यास प्रत्येक कुटुंबातून कोणी तरी जावे. त्याच्या सणाचा अर्थ त्याच्याच तोंडून ऐकावा. परधर्मीयांविषयी एखादी वाईट वार्ता कानी आली तर ती दुसऱ्या कानी जाण्यापूर्वी खरी आहे की खोटी हे पाहावे. या लहान गोष्टी आहेत. पण दंग्यांची सुरुवात पुष्कळदा याहून लहान गोष्टींपासून होते.

डोंगरावरील प्रवचनात प्रभूने शांती करणाऱ्यांस धन्य म्हटले आणि त्यांस देवाच्या मुलांची पदवी दिली. ती पदवी मागून मिळत नाही, वर्गणी देऊनही मिळत नाही. शेजाऱ्याच्या मनगटाशी आपला हात न्यावा लागतो. पुढील महोत्सवाच्या दिवशी आपल्या वहीतील तो कोरा रकाना भरलेला दिसो, आणि त्यात आपल्या भगिनींबरोबर आपल्या प्रत्येक घराचे नाव असो, एवढीच दयाघन परमेश्वराच्या चरणी आमची प्रार्थना आहे. आमेन.