‘आमच्या मागे ह्येका कोण बघतलो?’

(बांदा येथील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



बुद्धी तल्लख, पदवी पदरात, वय चाळिशीकडे झुकलेले. परंतु नोकरी टिकत नाही, माणसांत जीव रमत नाही, ठरल्या वेळेत किंचित बदल झाला तरी मन सैरभैर होते. अशा मुलाला गाव ‘लहरी’ म्हणून मोकळे होते. पुढे केव्हातरी डॉक्टर सांगतात, ही अ‍ॅस्पर्जर प्रकारची स्वमग्नता आहे. मी अशाच एका मुलाचा बाप आहे, म्हणून हा विषय मांडतो.

या उशिराला इतिहास आहे. व्हिएन्नाच्या हान्स अ‍ॅस्पर्जरने १९४४ साली अशा मुलांचे वर्णन केले. लॉर्ना विंग यांनी १९८१ साली हे नाव रूढ केले. अमेरिकन मानसोपचार सूचीत ते १९९४ साली आले आणि २०१३ साली स्वमग्नतेच्या व्यापक संज्ञेत विलीन झाले. आपल्या १९९५ च्या अपंगविषयक कायद्यातील सात प्रकारांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली. हक्कांच्या कायद्यात ती २०१६ साली आली. १९८५ साली जन्मलेले मूल तोवर एकतीस वर्षांचे झाले होते.

या नावात एक इशाराही दडला आहे. अ‍ॅस्पर्जरने काही मुलांना स्पीगेलग्रुंड येथे धाडले, हे हेर्विग चेक यांच्या २०१८ सालच्या संशोधनाने दाखविले. नाझी राजवटीत तेथे जवळजवळ ८०० मुले मारली गेली. काहींना उपयुक्त म्हणून वाखाणायचे आणि उरलेल्यांना निरुपयोगी म्हणून टाकायचे, हा एकाच तराजूचा न्याय होता. म्हणून ‘आमचा मुलगा हुशार आहे हो,’ ही आईबापांची विनवणी मला धोक्याची वाटते. उत्पादकतेने माणूस मोजण्याची खोड आम्हा अर्थशास्त्राच्या मंडळींना असते. समाजवाद्यांना ती शोभत नाही.

कोकणात थोरला मुंबईला जातो, दुसरा गोव्यात. घरी उरतो तो हा. सत्तरीची आई हीच त्याची सामाजिक सुरक्षा. ‘आमच्या मागे ह्येका कोण बघतलो?’ हा तिचा प्रश्न घरगुती मानला जातो. वस्तुतः तो राजकीय आहे.

२०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत चार टक्के जागा राखल्या. त्यांतील एकच टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, मनोविकार इत्यादींत वाटला जातो, आणि त्यासाठी किमान चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला हवा. नीट बोलणारा पदवीधर या मापात बसविणे कठीण जाते. तरीही हाच कायदा सरकारी कचेरीला वाजवी सोय करावयास सांगतो. लेखी सूचना, शांत जागा, ठरीव कामाचे तास यांना खर्च तो किती?

पालकांनाही पथ्य आहे. मूल प्रौढ आहे. त्याचे निर्णय त्याला विचारून व्हावेत, हे कायद्यालाही अभिप्रेत आहे.

तेव्हा कार्यकर्त्यांनी अशी घरे शोधावीत, दाखल्यासाठी ओरोसपर्यंत सोबत जावे, आणि प्रौढांच्या निदानाची सोय जिल्ह्यातच व्हावी ही मागणी लावून धरावी. त्या घरी गेल्यावर मात्र आधी त्या मुलाशी बोलावे, मग आईशी.