फिजिशियन : त्याचे शिक्षण, त्याचा व्यवसाय आणि आपण

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील आरोग्य-व्याख्यानाचे शब्दांकन)



आपल्या संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात मला बोलण्याची संधी दिलीत, याबद्दल मी विश्वस्त मंडळाचा ऋणी आहे. विषय माझ्यावरच सोपविण्यात आला होता. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांवर आपण पुष्कळ व्याख्याने ऐकली असतील. म्हणून आज रोगाविषयी थोडे कमी आणि ज्याच्याकडे आपण रोग घेऊन जातो त्या फिजिशियनविषयी थोडे अधिक बोलावे, असे मी ठरविले आहे.

आपल्या संगमनेरात ‘एम. डी. डॉक्टर’ असा शब्दप्रयोग रूढ आहे. एम. डी. ही पदवी मात्र अनेक विषयांत मिळते. प्रयोगशाळेत रक्त तपासणारे, भूल देणारे, बालरोगतज्ज्ञ, हे सारे एम. डी. असू शकतात, आयुर्वेदातही एम. डी. आहे. आपण ज्यांना फिजिशियन म्हणतो ते ‘जनरल मेडिसिन’ या विषयातील एम. डी. असतात. बारावीनंतर एम. बी. बी. एस.ची साडेचार वर्षे, त्यावर एक वर्ष आंतरवासिता आणि पुढे तीन वर्षे या विषयाचे निवासी प्रशिक्षण, असा हा किमान साडेआठ वर्षांचा प्रवास आहे. त्यानंतरही कोणाला केवळ हृदय वा केवळ मूत्रपिंड या एकाच अवयवाचा तज्ज्ञ व्हायचे असेल, तर आणखी तीन वर्षे डी. एम.साठी द्यावी लागतात. एकेकाळी या शिक्षणासाठी दूरच्या शहरांत जावे लागे. १९८४ साली शेजारच्या लोणीला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि प्रवराकाठच्या मुलांना वैद्यकीय शिक्षणाचे दार घराजवळ उघडले.

शल्यविशारदाच्या हातात शस्त्र असते, नेत्रतज्ज्ञासमोर त्याचे यंत्र असते. फिजिशियनजवळ मुख्यतः प्रश्न असतात. ‘धाप लागते’ एवढे रुग्णाने सांगितले की तो विचारतो : चालताना लागते की झोपल्यावर? रात्री उठून बसावे लागते का? पायांवर सूज येते का? विडी-तंबाखूशी संबंध किती वर्षांचा? विडी-तंबाखूच्या व्यवसायाशी आपल्या गावाचे जुने नाते आहे, त्यामुळे हा शेवटचा प्रश्न येथे कोणालाही विचारावा लागतो. या चार उत्तरांवरून दुखणे हृदयाचे, फुप्फुसाचे की रक्तक्षयाचे, याची दिशा ठरते. नाडी, रक्तदाब, स्टेथोस्कोप, रक्ताची तपासणी, आलेख हे सारे त्या दिशेने जाण्यासाठी असते. सर्व तपासण्या आधी करून मग निदान शोधणे हे मला उलटे वाटते आणि खर्चिक तर ते असतेच.

तालुक्याच्या गावी बसून केवळ लक्षपूर्वक पाहणे आणि विचारणे यांच्या बळावर फिजिशियन काय करू शकतो, याचे आपल्याच महाराष्ट्रातील उदाहरण रायगड जिल्ह्यातील महाडचे आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर हे मूळचे जालना जिल्ह्याचे. नागपूरला एम. बी. बी. एस. करून १९७६ साली ते महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने मुले आणि शेतकरी दगावत. डॉ. बावस्कर अशा रुग्णांच्या उशाशी रात्र-रात्र बसून नोंदी करीत राहिले : दरदरून घाम, तोंडाला सुटणारी लाळ, गार पडलेले हातपाय, चढलेला रक्तदाब आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरून येणारी धाप. मृत्यू ओढवतो तो हृदय निकामी होऊन, हे या नोंदींतून स्पष्ट झाले. धोक्याची पूर्वलक्षणे सांगणारा त्यांचा लेख १९८२ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून मेडिसिनची एम. डी. मिळवून ते पुन्हा महाडलाच परतले, ही गोष्ट मला विशेष वाटते. विंचवाच्या विषाने शरीरात एक प्रकारचे वादळ उठते. रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयावर असह्य भार येतो. या आवळलेल्या वाहिन्या सैल करणारी प्राझोसिन नावाची रक्तदाबाची स्वस्त गोळी बाजारात उपलब्ध होतीच. ती वेळेवर द्यावी, हा त्यांचा विचार. त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह लिहिलेला यासंबंधीचा लेख १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्येच आला. गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांवरून एक टक्क्याच्या आसपास आले. पुढे प्रतिविष उपलब्ध झाले, तेव्हा नुसती गोळी आणि गोळीसह प्रतिविष यांची त्यांनी रीतसर तुलना केली. दोन्ही मिळून दिल्यास रुग्ण लवकर सावरतो, हा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला. २०२२ साली त्यांना पद्मश्री प्रदान झाली. या साऱ्या कामाचा पाया वातानुकूलित प्रयोगशाळेत घातला गेलेला नाही.

आता आपल्याकडे वळतो. डॉक्टरने विचारावे हे जितके खरे, तितकेच रुग्णाने सांगावे हेही खरे. आपल्या समाजातील रुग्ण एक गोष्ट हमखास सांगत नाहीत. ती गोष्ट म्हणजे तपश्चर्या.

याचे कारण मी समजू शकतो. डॉक्टरांना सांगितले तर ते ‘उपवास करू नका’ असे म्हणतील, ही भीती असते. मग पर्युषणात अठाईचे पच्चक्खाण घेतले जाते, गोळ्या कधी तशाच चालू राहतात तर कधी सगळ्याच बंद होतात, आणि पाचव्या दिवशी चक्कर येऊन पडल्यावर घरच्यांची धावपळ होते. या दोन्ही टोकांत धोका आहे. इन्शुलिन अथवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी नेहमीच्या मात्रेत घेतली आणि पोटात अन्न नसले, तर साखर एकदम खाली जाते. ती ७०च्या खाली गेली की तो आणीबाणीचा प्रसंग समजावा. अलीकडे लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या पुष्कळांना दिल्या जातात. निराहार राहणाऱ्याच्या शरीरातील पाणी त्यांनी आणखी कमी होते आणि साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्लता साठू शकते. म्हणून या गोळ्या दीर्घ उपवासाच्या काही दिवस आधीच थांबवाव्या लागतात. उलट फिट्सची गोळी किंवा दीर्घकाळ चालू असलेले स्टेरॉइड मनाने बंद करणे जिवावर बेतू शकते. कोणती गोळी कोणत्या गटातील, हे रंगावरून वा किमतीवरून कळत नाही.

दीर्घ उपवास सोडा, रोजच्या चौविहाराचेच पाहा. सूर्यास्तानंतर पाणीही नाही, म्हणून ‘रात्री एक’ असे लिहिलेली गोळी कित्येक घरांत वर्षानुवर्षे डब्यात पडून असते. आम्ही मात्र रक्तदाब आटोक्यात नाही म्हणून मात्रा वाढवीत बसतो! एवढे सांगितले असते तर बहुतेक वेळा मार्ग निघतो. रक्तदाबाच्या अनेक गोळ्या दिवसातून एकदाच घ्यायच्या असतात, त्या सकाळी देता येतात. कोलेस्टेरॉलची अटोरवास्टॅटिन दिवसा केव्हाही चालते. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी हवी, ती नवकारसी पारल्यावर घेऊन अर्धा-पाऊण तास थांबून नाश्ता करता येतो. नियमाला धक्का लागत नाही आणि उपचारही खंडित होत नाही.

आहाराविषयी एकच मुद्दा. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य आहारातून मिळत नाही. शाकाहारी माणसाचा आधार दूध-दही एवढाच. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने आपल्याकडील ब-१२च्या कमतरतेकडे लक्ष वेधले. मधुमेहाची मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत ही कमतरता आणखी वाढते. पायांना मुंग्या येणे, विसरभोळेपणा, थकवा हे सारे ‘वयामुळे’ म्हणून सोडून दिले जाते. एका रक्ततपासणीने त्याचा उलगडा होऊ शकतो.

व्यवहाराच्याही दोन गोष्टी सांगतो. डॉक्टरचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर असावा, हा नियम आहे आणि तो पाहण्यात संकोच नसावा. रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाची कागदपत्रे तीन वर्षे जपणे आणि मागणी केल्यास ७२ तासांत त्यांच्या प्रती देणे २००२च्या आचारसंहितेनुसार डॉक्टरवर बंधनकारक आहे. रुग्ण पाठविल्याबद्दल दलाली देणे-घेणे त्याच संहितेने निषिद्ध ठरविले आहे. आपल्या बाजूने एक करावे : जुन्या चिठ्ठ्या, तपासण्यांचे कागद एका फाइलीत लावून आणावेत आणि चालू गोळ्यांची पाकिटे सोबत ठेवावीत. ‘पांढरी छोटी गोळी’ या वर्णनात बसणारी शेकडो औषधे आहेत. हृदयासाठी नाशिकला, मूत्रपिंडासाठी पुण्याला आणि गुडघ्यासाठी नगरला जाणे आजकाल सर्रास झाले आहे. त्यास हरकत नाही. परंतु तिन्ही चिठ्ठ्या एकत्र वाचणारा कोणीतरी गावात असावा. एकाच औषधाचे दोन कंपन्यांचे दोन ब्रँड एकाच रुग्णाच्या पोटात जाताना मी अनेकदा पाहिले आहेत.

पर्युषणापूर्वी पंधरा दिवस ही भेट घ्यावी, ऐनवेळी नको. साखर, क्रिएटिनिन, क्षार यांची तपासणी करून, कोणती तपश्चर्या झेपेल हे रुग्णासमवेत बसून ठरविता येते. कोणाला अठाई, कोणाला एकासना, कोणाला आयंबील. ज्याचे मूत्रपिंड कमजोर आहे किंवा ज्याला नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, त्याला मी स्पष्टपणे नाही म्हणेन. पारण्याचा दिवसही निष्काळजीपणाचा नाही. आठ दिवसांनंतर एकदम पोटभर गोड खाल्ल्यास रक्तातील क्षारांचे प्रमाण झपाट्याने ढळू शकते. मुगाचे पाणी, पातळ पेज असे थोडे थोडे घेत दोन-तीन दिवसांत नेहमीच्या आहारावर यावे आणि गोळ्यांची मात्रा त्या दिवशी पुन्हा डॉक्टरांना विचारूनच सुरू करावी.