१.२ टक्क्यांचं डिझर्टेशन

‘नोकरी करत एमटेकचं डिझर्टेशन पूर्ण कसं करायचं?’ हा प्रश्न इतक्या जणांनी व्हॉइस नोटवर विचारलाय, की आजचा अख्खा एपिसोड त्यावरच. माझी ओळख थोडक्यात : बीटेक, मग पुण्यात पाच वर्षं नोकरी, आणि नोकरी सांभाळून एमटेक. गेल्या महिन्यात व्हायवा झाली. डिग्रीचा कागद अजून हातात यायचाय.

विषय आणि प्रश्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तिथून सुरुवात करू. ‘मराठी सेंटिमेंट अ‍ॅनालिसिस’ हा विषय झाला, त्यात आयुष्य जाईल. माझा प्रश्न एवढासाच होता : आपण फोनवर मराठी कमेंट इंग्रजी अक्षरांत टाइप करतो. ती आधी देवनागरीत बदलून मॉडेलला दिली, तर ते कौतुक आहे की तक्रार, हे जास्त अचूक ओळखता येतं का? या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’सुद्धा येऊ शकतं. माझ्या गाइड मॅडम पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या, की ज्याचं उत्तर ‘नाही’ येऊच शकत नाही, तो प्रश्न घेऊन माझ्याकडे येऊ नकोस.

एवढा छोटा प्रश्न चालतो का? क्लॉड शॅननने १९३७ साली एमआयटीत मास्टर्सचा प्रबंध लिहिला. बूलचं तर्काचं बीजगणित तोवर ८० वर्षांहून जुनं झालं होतं आणि रिलेचे स्विच टेलिफोन एक्स्चेंजमध्ये रोज खटखट करत होते. दोन्हींपैकी काहीच त्याने शोधलेलं नव्हतं. या स्विचचं गणित त्या बीजगणिताने मांडता येतं, एवढं त्याने दाखवलं. तुमच्या फोनमधली चिप आजही त्याच पायावर उभी आहे. आपण शॅनन नाही, मान्य. पण ‘अगदी नवीन काहीतरी’ शोधत तिसरं सेमिस्टर घालवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मग डेटा. देवनागरीतला मराठी डेटा तयार मिळतो. पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटाने २०२१ मध्ये सुमारे १६,००० मराठी ट्विट्सचा महासेंट हा संच खुला केलाय. मला मात्र रस्ते, पाणी, बस यांवरच्या रोमन लिपीतल्या कमेंट हव्या होत्या, म्हणून त्या मीच गोळा केल्या. एकट्या ‘नाही’ची स्पेलिंग ऐका : एन-ए-एच-आय, एन-ए-ए-एच-ई-ई, आणि घाईत असलेल्यांचं नुसतं एन-ए-आय. लेबल लावायला माझी बहीण आणि तिची मैत्रीण बसल्या, एकमेकींचं न बघता. पहिल्या १०० कमेंटमध्ये दोघींचं ८१ वर जुळलं. ‘वा, काय रस्ते आहेत आपले!’ ही कमेंट एकीने कौतुकात टाकली, दुसरीने तक्रारीत. आता सांगा, जिथे दोन मराठी मुलींचं १९ वेळा पटत नाही, तिथे मशीनने ९५ टक्के अचूकता दाखवली तर खूश व्हायचं की घाबरायचं?

प्रयोगाचा भाग पटकन सांगते. गुगल कोलॅबचं फुकट सेशन जास्तीत जास्त १२ तास चालतं, कधी त्याआधीच तुटतं. म्हणून ट्रेनिंग चालू असताना मॉडेल ड्राइव्हवर सेव्ह होत राहील असा कोड आधी लिहा. आणि साधी जुनी पद्धत पहिल्या आठवड्यातच चालवून आकडा लिहून ठेवा, नाहीतर तुलना कशाशी करणार?

आता मुख्य गोष्ट. टेस्टला १,००० कमेंट होत्या. जुनी पद्धत ८३.६ टक्के, माझी ८४.८. फरक १.२. दीड वर्षाची रात्र-रात्र जागरणं आणि एवढंच! एका ओळखीच्याने सल्ला दिला, ‘पंधरा-वीस रन मार, सगळ्यात चांगला टाक, कोण बघतंय?’ खरं सांगते, मोह झाला. सबमिशनला सहा आठवडे होते, आणि विषय बदलायचा तर आणखी एका सेमिस्टरची फी.

मॅडमनी १.२ कडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, ‘दोन पद्धतींचं कुठे पटत नाही, ती वाक्यं काढ.’ ८२ निघाली. ४७ ठिकाणी माझी पद्धत बरोबर आणि जुनी चूक, ३५ ठिकाणी उलटं. ८२ वेळा नाणं उडवलं तरी ४७-३५ असा निकाल सहज येतो. हे तपासायला मॅकनीमारची चाचणी आहे, १९४७ ची, पाच मिनिटांचं काम. तिनेही सांगितलं, की एवढ्या फरकावर काहीच सिद्ध होत नाही.

मग मी ती ८२ वाक्यं प्रिंट काढून लोकलमध्ये, कॅन्टीनमध्ये, सगळीकडे वाचली. फायदा झालेल्या ४७ मध्ये बहुतेक स्पेलिंगचा गोंधळ होता. तिन्ही ‘नाही’ देवनागरीत एकच झाले, की मॉडेलला कळायचं. तोटा झालेल्या ३५ मध्ये बहुतेक इंग्रजी शब्द. ‘पथेटिक’ असं देवनागरीत लिहिलं, की मॉडेल बावचळायचं, कारण तो शब्द त्याने इंग्रजीतच पाहिला होता. म्हणजे सगळं वाक्य बदलायचं नाही, फक्त मराठी शब्द बदलायचे! हे नीट करून बघायला वेळ उरला नव्हता, ते ‘पुढील काम’मध्ये गेलं. पण माझं पाचवं प्रकरण म्हणजे ती ८२ वाक्यंच.

लिहिण्याबद्दल एकच. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, १० ते ४० मध्ये सुधारून परत द्यावं लागतं. शेवटच्या रात्री शब्द फिरवत बसण्यापेक्षा पेपर वाचला, की तो बंद करून आपल्या शब्दांत चार ओळी लिहा. मी त्या आधी मराठीत लिहायचे.

व्हायवात बाहेरच्या परीक्षकांनी तिसऱ्याच स्लाइडला थांबवलं. ‘म्हणजे तुमची पद्धत चांगली आहे, हे सिद्ध झालं नाही?’ मी म्हणाले, ‘नाही सर, पण ती कुठे चालते आणि कुठे नाही, ते दाखवते.’ पुढची पंचवीस मिनिटं ते ‘पथेटिक’वरच बोलत होते. त्यांच्या तेलुगूतही हेच होतं म्हणे.

पुढच्या वेळी गाइड कसा निवडायचा, त्यावर बोलू. तोवर तुमचा प्रश्न एका वाक्यात व्हॉइस नोटवर पाठवा. दोन वाक्यं लागली, तर आधी एक करा आणि मग पाठवा!