बाळंतिणीचे गुडघे

(महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



विषय जाहीर झाला तेव्हा दोघी-तिघी हसल्या. गुडघे हा साठीनंतरचा विषय, पंचविशीतल्या मुलीचा त्याच्याशी काय संबंध? पण आपापल्या घरात आठवून बघा. बारसं होऊन गेलेलं असतं, बाळ दोन-तीन महिन्यांचं असतं, आणि त्याची आई जमिनीवरून उठताना एक हात भिंतीला लावते. जिना उतरताना कठडा धरते. बोलून दाखवलं तर उत्तर ठरलेलं असतं, "वात शिरला. कानाला बांधत नाहीस ना!" दुसरं उत्तर त्याहून वाईट, "आम्हाला नाही का मुलं झाली?"

आपण बुऱ्हाणपूरचे. मुमताज महल याच गावात, १६३१ च्या जून महिन्यात, चौदाव्या बाळंतपणात गेली. तिला आधी तापीपलीकडे जैनाबादला ठेवलं होतं, हे आपण पाहुण्यांना हौसेने सांगतो. लग्न १६१२ चं, म्हणजे १९ वर्षांत १४ बाळंतपणं. शहाजहानच्या दुःखाबद्दल आपण पुष्कळ बोलतो. त्या बाईच्या शरीराने १९ वर्षं काय सोसलं असेल, यावर फारसं कुणी बोलत नाही. बाळंतपणात जीव वाचला की बाकीचं किरकोळ, ही समजूत जुनीच आहे. आज दवाखाने आहेत, जीव बहुधा वाचतो. म्हणून आता किरकोळ म्हटलेल्या दुखण्याकडे बघायला हरकत नाही.

हे दुखतं का? गरोदरपणात शरीर काही संप्रेरकं तयार करतं, त्यांनी सांध्यांचे बंध सैल होतात. बाळाला वाट मिळावी म्हणून ही सोय असते, पण ती फक्त कमरेपुरती राहत नाही. हा सैलपणा बाळंतपणानंतरही काही महिने टिकू शकतो. त्यात वाढलेलं वजन. सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन-अडीच पट भार येतो, जिना उतरताना तीन पटींहून जास्त. हा भार पेलतात मांडीचे आणि नितंबांचे स्नायू, आणि नेमके तेच या काळात ढिले पडलेले असतात.

इथे सव्वा महिन्याबद्दल बोलावं लागेल. सव्वा महिना तिला घरकामाला लावायचं नाही, हा आपल्या आज्यांचा नियम मला सोन्यासारखा वाटतो, तो मोडू नका. पण कामापासून सुट्टी वेगळी आणि खाटेला खिळणं वेगळं. पडून राहिलं की मांडीचे स्नायू झपाट्याने उतरतात. शिवाय पडून राहिल्याने पायात रक्ताची गाठ होण्याची भीती वाढते. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर दुसऱ्या दिवसापासून घरातल्या घरात चालू द्या.

आणि ही विश्रांती खरी असते का, तेही पाहा. दिवसरात्र मिळून आठ-दहा वेळा बाळाला पाजायचं. दर वेळी खाली मांडी घालून, पाठ वाकवून, अर्धा अर्धा तास. मग बाळ कडेवर घेऊन, एका गुडघ्यावर जोर देऊन उठायचं. गुडघा बराच वेळ दुमडलेला राहिला की वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. मांडी घालून बसणं वाईट मुळीच नाही, आपण जन्मभर बसतो. वाईट आहे ते सैल झालेल्या सांध्याने आणि अशक्त मांडीने बाळासकट उठणं.

म्हणून पहिली गोष्ट, बाळाला पाजायला पाठ टेकता येईल अशी खुर्ची किंवा उंच पलंग. मांडीवर उशी, पायाखाली पाट. लंगोट बदलायचा तो पलंगावर किंवा टेबलावर, एक हात बाळावर ठेवून. खाली बसलीच असेल तर आधी बाळ कुणाच्या तरी हातात द्यायचं, मग उठायचं. घरात भारतीय संडास असेल तर वर ठेवायची कमोडची खुर्ची बाजारात मिळते. यातलं काहीही महाग नाही. फक्त घरातल्या इतरांनी उठायला हवं, आणि इथे मागे उभ्या असलेल्या पुरुषांनी कान द्यावा.

दुसरी गोष्ट व्यायाम. पाठीवर झोपा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघ्याने ती खाली दाबा, पाच आकडे मोजा, सोडा. दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. यात पोटावर ताण येत नाही, म्हणून सिझेरियन झालेल्यांनाही तो बहुधा लवकर सुरू करता येतो. सरळ पाय उचलणं, कंबर उचलणं, खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं हे पुढचे प्रकार, टाके भरल्यावर आणि डॉक्टरांना विचारूनच. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, दोन दिवसांत सोडू नका.

मालिशीने बरं वाटतं, जरूर करा, पण तिने स्नायू बळकट होत नाहीत. आणि एक गोष्ट मालिशवाल्या बाईंना आवर्जून सांगा: एकच पोटरी सुजली असेल, दुखत असेल, गरम लागत असेल तर तिला हात लावायचा नाही. ती रक्ताची गाठ असू शकते, आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत तिचा धोका सगळ्यात जास्त असतो. त्याच दिवशी दवाखाना. सोबत दम लागला किंवा छातीत दुखलं तर क्षणभरही थांबू नका. गुडघा लाल होऊन सुजला आणि ताप आला तरी तसंच. सकाळी तासभर सांधे आखडलेले, हाताची बोटंही सुजलेली, असं आठवड्यांमागून आठवडे चाललं तर संधिवाताची तपासणी करून घ्या. तो बाळंतपणानंतर डोकं वर काढतो, आणि लवकर कळला तर सांधे वाचतात.

गुडघेदुखीच्या निनावी पुड्या नकोत. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं आढळलेलं आहे. साधी पॅरासिटामॉल अंगावर पाजणाऱ्या आईला चालते, पण किती आणि किती दिवस, ते डॉक्टरांना विचारा.

खाण्यापिण्याचं तुम्हीच मला शिकवाल. आळीव, तीळ, नाचणी, डाळी, दूध हवंच. डिंकाचा लाडू एक पुरे. चार लाडू आणि वर दोन वाट्या तूप, याने दूध वाढत नाही, वजन वाढतं. सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतरही सहा महिने घ्यायच्या असतात. बाळ झालं की त्या कपाटात जातात. दोन्ही एकदम घेऊ नका, मध्ये दोन तास जाऊ द्या. 'ड' जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे घरोघर आहे. सव्वा महिना बंद खोलीत बसलेल्या मुलीला ऊन मिळणार कुठून? दुखणं रेंगाळलं तर रक्त तपासून घ्या.

आता आरतीची वेळ झाली. ज्यांचं बाळ अजून लहान आहे त्यांनी संकोच न करता खुर्ची मागून घ्या. मांडवाच्या उजव्या बाजूला खुर्च्या ठेवल्या आहेत.