आपल्या घरातला हत्ती



मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, साहित्याचा अभ्यासक नाही. म्हणून ‘कादंबरीतली पात्रं’ या विषयावर दोनच कादंबऱ्यांविषयी बोलतो. एक जुनी, एक त्यामानाने नवी. दोन्ही मुस्लिम घरांतल्या आणि दोन्हींत मुलीचं शिकणं महत्त्वाचं.

पहिली डेप्युटी नज़ीर अहमद यांची ‘मिरातुल उरूस’. १८६९ साली आलेली ही कादंबरी उर्दूतली पहिली कादंबरी मानली जाते. गोष्ट दिल्लीतल्या दोन बहिणींची. थोरली अकबरी, धाकटी असग़री. दोघी दोन सख्ख्या भावांना दिलेल्या. अकबरी लाडावलेली, भांडखोर. हट्ट करून सासूपासून वेगळी राहते आणि एका ठग बाईच्या नादी लागून दागिने घालवून बसते. असग़री शहाणी. चोरटेपणा करणाऱ्या मोलकरणीचा हिशेब उघडा पाडते, नवऱ्याला मार्गी लावते, घरातच मुलींना शिकवू लागते.

मी मराठी शाळेत शिकलो. उर्दू मला कानाने येते, डोळ्यांनी नाही. माझी थोरली बहीण उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकली. गेल्या रमज़ानमध्ये ती माहेरी आली होती, तेव्हा रात्री तिनेच मला ही कादंबरी वाचून दाखवली. माझा निकाल तयार होता: असग़री पास, अकबरी नापास. आपा मध्येच थांबली आणि म्हणाली, “हिने मागितलं काय? वेगळी चूल. एवढंच ना?”

मी गप्प बसलो. लग्नानंतर आपानेही तेच मागितलं होतं आणि आमच्या घरात तिला ‘अकबरी’ म्हणायचे. म्हणणाऱ्यांपैकी एकानेही पुस्तक वाचलेलं नव्हतं.

नज़ीर अहमद यांना अकबरी ‘असं वागू नका’ हे सांगायला हवी होती. पण तिचं रुसणं, तिची उत्तरं इतकी खरी उतरली आहेत की, धडा विसरला तरी ती लक्षात राहते. असग़री मात्र घराला हवी तशीच वागते. तिचं शिक्षण सगळ्यांच्या उपयोगी पडतं. तिला स्वतःसाठी काही हवं होतं का, हे पुस्तक विचारत नाही.

दुसरी कादंबरी वैकम मुहम्मद बशीर यांची, मल्याळममधली, १९५१ची. नावाचा अर्थ ‘माझ्या आजोबांकडे हत्ती होता’. कुंजुपातुम्मा नावाच्या मुलीची आई तिला सतत सांगत असते, तुझ्या आजोबांकडे हत्ती होता, मोठा सुळेवाला! पुढे बाप कोर्टकज्ज्यांत सगळं गमावतो आणि ही माणसं लहानशा घरात येतात. तरी आई हत्तीवरून उतरत नाही. शेजारी आयेशा आणि तिचा भाऊ निसार अहमद राहायला येतात. आयेशा कुंजुपातुम्माला अक्षरं शिकवते, निसारशी तिचं लग्न होतं. शेवटी गल्लीतली पोरं आईला चिडवतात की, तो हत्ती म्हणजे ‘कुळियाना’ होता. कुळियाना म्हणजे वाळूत खळगा करून मुंग्या धरणारा किडा. त्याच्या मल्याळी नावातच ‘आना’, म्हणजे हत्ती आहे.

बशीर या आईला हसतात, पण तिला नापास करत नाहीत. सगळं गेल्यावर तिच्यापाशी हत्तीशिवाय उरलंय काय, हे त्यांना कळतं. दोन कादंबऱ्यांत मला दिसलेला मोठा फरक हा. एक पात्रांना मार्क देते, दुसरी त्यांच्याजवळ बसते.

मी ही गोष्ट आपाला फोनवर सांगितली. ती खूप हसली. मग आम्ही आमच्या घराण्यातले हत्ती मोजायला लागलो: पणजोबांची आमराई, कुणाची तरी घोडागाडी. ती म्हणाली, “खरा हत्ती राहिलाच. तू. ‘आमचा मुलगा इंजिनियर आहे.’ मोहल्ल्यात अजून फिरवतात तुला.”

ती हसतच म्हणाली. पण ती आठवीत जाणार होती त्या वर्षी घरात एकाचीच फी भरता येत होती आणि ती माझी भरली गेली. हे मला ठाऊक होतं. त्याकडे मी घरची अडचण म्हणून पाहत आलो. आपाच्या बाजूने कधी पाहिलं नव्हतं.

म्हणून तुम्हाला एवढंच सुचवतो. कादंबरी वाचताना लेखक ज्याला नावं ठेवतो, त्याच्यापाशी थोडं थांबा आणि त्याला काय हवं होतं ते विचारा. जमलं तर पुस्तक घरातल्या कुणासोबत मोठ्याने वाचा.

आपाने यंदा दहावीसाठी १७ नंबरचा फॉर्म भरला आहे. श्रेय कादंबरीचं नाही. तिच्या मुलीने तो भरायला लावला. मी म्हटलं, फी मी भरतो. ती म्हणाली, “नको, माझी मी भरली.”